नावावरचा धंदा आणि हातातला धंदा

यंत्रशाळा, फौंड्री, फॅब्रिकेशन, गॅरेज, मालवाहतूक अशा, जिथे आजही बहुतेक पुरुषच दिसतात त्या व्यवसायांत काम करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या वाचकांकडून गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर वगळला असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत. उत्तरे देणारी मी सतरा वर्षे कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या) जॉबवर्कची, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग करून देण्याची, लहान यंत्रशाळा चालवते, आणि गेली सहा वर्षे फौंड्रीतून कास्टिंगची ने-आण करणाऱ्या दोन टेम्पोंचा व्यवसायही माझ्याकडे आहे.

प्रश्न : माझे पती सहा महिन्यांपूर्वी अचानक गेले. हातकणंगले तालुक्यात भाड्याच्या शेडमध्ये आमची दोन सीएनसी टर्निंग मशीन आहेत. एकाचे हप्ते अजून चालू आहेत. मी बी.कॉम. आहे, पण शेडमध्ये कधी लक्ष घातले नव्हते. धाकटे दीर म्हणतात, "वैनी, ह्ये बायकांचं काम न्हवं. मशीन माझ्या नावावर करा, मी महिन्याला पैसे देतो." बारा वर्षांपासूनचा सेटर (मशीन कामासाठी जुळवून देणारा कारागीर) माझ्या प्रश्नांना धड उत्तर देत नाही. धंदा चालवावा की विकावा? (एक वाचक, जि. कोल्हापूर)

ताई, आधी कायद्याचे पाहू, कारण ते स्पष्ट झाल्याशिवाय बाकीच्या विचाराला आधार नाही. पत्रावरून हा व्यवसाय तुमच्या पतींच्या एकट्याच्या मालकीचा होता असे दिसते. तसे असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलेले नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तुम्ही, तुमची मुले आणि सासूबाई हयात असतील तर त्या, असे पहिल्या वर्गातील वारस ठरतात आणि प्रत्येकाचा हिस्सा सारखा असतो. या वर्गात दिरांचा समावेश नाही. त्यांचा हेतू चांगलाही असेल, आणि त्यांची मदत तुम्हाला पुढे लागणारही आहे. परंतु चालवायला दिलेले मशीन परत मागता येते, नावावर करून दिलेले मागता येत नाही, एवढा फरक ध्यानात ठेवून त्यांच्याशी बोला. पहिले वर्षभर कोणत्याही कागदावर हस्तांतराची सही करू नका.

पतींच्या नावाची जीएसटी नोंदणी त्यांच्या पॅनवर होती, त्यामुळे ती तुमच्याकडे आपोआप येत नाही. वारस म्हणून व्यवसाय पुढे चालवायचा तर तुमच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि जुन्या खात्यात शिल्लक असलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधी भरलेल्या कराची वजावट) 'आयटीसी-०२' या अर्जाने नव्या खात्यात आणता येते. पुष्कळ कुटुंबांत हे माहीत नसल्याने जुनी नोंदणी नुसती रद्द होते आणि ते पैसे बुडतात. उद्यम नोंदणीही (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) तुमच्या नावाने नव्याने करा. बँकेत गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा, की मशीनच्या कर्जासोबत पतींच्या नावाचा कर्जविमा काढलेला होता का. कर्ज देताना अशा विम्याचा हप्ता अनेकदा कापलेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

आता सेटरविषयी. तुमच्या पत्रातला हा भाग वाचताना माझे स्वतःचे पहिले वर्ष डोळ्यांसमोर आले, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

वडिलांच्या दोन लेथवर माझी सुरुवात झाली होती आणि कर्ज काढून पहिले सीएनसी मशीन मी आणले. काम ४२ मिलिमीटर बोअरचे (आतल्या गोल भोकाचे) होते आणि मापात चालणारा फरक फक्त २५ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी पंचवीस. सकाळी बोअर बरोबर यायचा, दुपारपर्यंत लहान यायला लागायचा आणि संध्याकाळी गिऱ्हाइकाकडून माल परत आल्याचा फोन यायचा. सेटरला विचारले की तो म्हणायचा, "मशीन तापलं की असंच होतंय, ताई. तुम्हाला न्हाई कळायचं." मी तेव्हा वाद घातला नाही. मुलाच्या शाळेची एक कोरी वही घेतली, बोअर डायल गेज वापरायला एका निवृत्त इन्स्पेक्टरकडून शिकले आणि आठवडाभर दर दहाव्या नगाचे माप वेळेसकट लिहून ठेवले. वहीत जे दिसले ते साधे होते. मशीन तापल्यामुळे होणारा फरक सकाळच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात होऊन थांबत होता. त्यानंतर बोअर जो हळूहळू लहान होत जात होता तो इन्सर्टची (धातू कापणाऱ्या पात्याची) धार झिजल्यामुळे, आणि नवी धार लावली की माप पुन्हा जागेवर येत होते. म्हणजे ठरावीक नगांनंतर कंट्रोलवर वेअर ऑफसेट (झिजेइतकी मापाची दुरुस्ती) द्यायला हवा होता आणि ठरावीक नगांनंतर धार बदलायला हवी होती. सेटरला हे ठाऊक होते. ते आकडे त्याच्या खिशातल्या डायरीत होते, आणि त्या डायरीमुळेच त्याच्यावाचून मशीन चालत नव्हते.

मी ती वही त्याच्यापुढे ठेवली आणि एवढेच म्हटले, "दर चाळीस नगांनी ऑफसेट द्यायचा, हे आजपासून मशीनवर कागद लावून लिहू." तो बराच वेळ वही पाहत राहिला. मग त्याने स्वतःहून सांगितले की फिनिशिंगच्या इन्सर्टला चाळीस ठीक आहेत, रफिंगला (पहिल्या जाड कापणीला) वेगळे लागतील. त्या दिवसानंतर तो माझ्याशी कामाविषयी बोलू लागला, आणि पुढची नऊ वर्षे तो माझ्याकडेच होता.

हे मी एवढ्यासाठी सांगते आहे, की तुमच्या सेटरला काढून टाकू नका आणि त्याची मनधरणीही करू नका. त्याच्या डोक्यातले ज्ञान कागदावर आणणे हे तुमचे सहा महिन्यांचे काम आहे. प्रत्येक पार्टसाठी एक पान करा: प्रोग्रॅम नंबर, कोणता इन्सर्ट, किती नगांनी ऑफसेट, सायकल टाइम (एका नगाचा वेळ) किती, जॉ (नग पकडणारे जबडे) कोणते. प्रोग्रॅमची प्रत आजच पेनड्राइव्हवर घ्या, कारण सेटर सोडून गेला आणि कंट्रोलची मेमरी गेली असे दोन्ही एकाच महिन्यात झालेले मी पाहिले आहे. ड्रॉइंग वाचायला आणि मापे घ्यायला शिका. त्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. सीएनसीचे अल्पमुदतीचे वर्ग जवळच्या आयटीआयमध्ये चालतात का ते पाहा, किंवा शक्य असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत चौकशी करा.

तुम्ही बी.कॉम. आहात, आणि याचा उपयोग तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. आमच्या भागात उत्तम टर्नर पुष्कळ आहेत, पण आपल्या मशीनचा तासाचा खर्च किती हे सांगू शकणारे मालक थोडे आहेत. उदाहरणादाखल धरा, की २४ लाखांचे मशीन आठ वर्षांत वसूल करायचे आहे, म्हणजे वर्षाला ३ लाख, आणि सरासरी व्याज १ लाख २० हजार. दोन पाळ्यांत वर्षाचे ४,८०० तास होतात, पण सेटिंग, वीज जाणे, माल नसणे हे वजा जाता प्रत्यक्ष ३,३६० तासच मशीन चालते असे माना. मशीन आणि व्याज मिळून तासाला १२५ रुपये झाले. वीस-वीस हजार पगाराच्या दोन ऑपरेटरांचे १४३, विजेचे ५४, इन्सर्ट, कूलंट आणि दुरुस्तीचे ४०, भाडे आणि सेटरच्या पगाराचा वाटा ६०. एकूण ४२२ रुपये. आता एका नगाला तीन मिनिटे सायकल आणि एक मिनिट नग काढ-घाल धरले तर तासाला १५ नग निघतात आणि एका नगाचा खर्च २८ रुपयांच्या वर जातो. शेजारची शेड २५ रुपयांना करते म्हणून तुम्हीही २५ ला घेतले, तर प्रत्येक नगामागे ३ रुपये घरचे घालून तुम्ही दिवसरात्र राबता आहात. आणि यात रिजेक्शन किंवा तुमचा नफा अजून धरलेलाच नाही. हा हिशेब तुमच्या खऱ्या आकड्यांनी करा. चालवावे की विकावे याचे उत्तर दिरांच्या किंवा माझ्या मतापेक्षा त्या कागदावर जास्त स्पष्ट मिळेल. आकडे विकायलाच सांगत असतील तर विका, त्यात कमीपणा नाही. मात्र भाव तुम्ही ठरवून विका.

प्रश्न : नाशिकजवळ आमचा फॅब्रिकेशनचा कारखाना आहे. योजनेत सवलत मिळते म्हणून प्रोप्रायटर म्हणून माझे नाव लावले आहे. कारभार सगळा यजमान पाहतात, मी सांगतील तिथे सही करते. अलीकडे बँकेची पत्रे येऊ लागली आहेत आणि मला भीती वाटते. विचारले तर "तुला काय करायचंय?" असे उत्तर मिळते. (एक वाचक, नाशिक)

तुमची भीती योग्य जागी आहे आणि ती दडपू नका. प्रोप्रायटरी व्यवसायात मालक आणि व्यवसाय कायद्याच्या दृष्टीने वेगळे नसतात. कर्ज थकले, जीएसटी भरायचा राहिला, कामगाराला अपघात झाला, तर जबाबदारी ज्याचे नाव त्याची. तुमचे दागिने, तुमच्या नावावरचे घर, माहेरून आलेली ठेव हे सगळे तिच्यात येऊ शकते. तुमच्या सहीचा चेक खात्यात पैसे नसल्याने परत आला, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली खटला तुमच्यावर होतो, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. "मला माहीत नव्हते, यजमान बघतात" हा बचाव तिथे सहसा उपयोगी पडत नाही.

सहाव्या आर्थिक गणनेत देशातील सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापनांपैकी स्त्रियांच्या मालकीची १३.७६ टक्के, म्हणजे ८० लाखांच्या आसपास निघाली होती. हा आकडा मी अनेक व्यासपीठांवर अभिमानाने सांगितलेला ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी तुमच्यासारख्या बायका माझ्या मनात येतात. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी ३ टक्के स्त्रियांच्या लघुउद्योगांकडून करावी असा नियम २०१८ पासून आहे. खरोखर राबणाऱ्या एखाद्या बाईच्या वाट्याची ऑर्डर नुसत्या नावाच्या फर्मकडे जाते तेव्हा नुकसान दोन स्त्रियांचे होते, एकीला काम मिळत नाही आणि दुसरीच्या डोक्यावर तिला न कळता कर्ज चढते. याविषयी आपल्याकडे उघड बोलले जात नाही, ते बोलले गेले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

तुम्ही भांडण न करता सुरुवात करू शकता. बँकेत जा आणि चालू खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कोणाचा आहे ते पाहा. बहुतेक वेळा तो यजमानांचा असतो. अर्ज देऊन तुमचा नंबर जोडून घ्या. तुम्ही खातेदार आहात, बँक नाही म्हणू शकत नाही. एवढ्या एका गोष्टीने आलेला आणि गेलेला प्रत्येक रुपया तुम्हाला कळू लागेल. जीएसटी पोर्टलचा पासवर्ड तुमच्याकडे घ्या. व्यवसाय मासिक विवरणपत्रे भरणारा असेल तर विक्रीचे पत्रक पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आणि कर भरण्याचे २० तारखेपर्यंत जाते. त्या दोन तारखांना हिशेबनिसाकडून स्वतः माहिती घ्या. कोऱ्या चेकवर सही करणे आजपासून बंद करा आणि आधी सह्या करून ठेवलेले चेक घरात असतील तर त्यांचे नंबर लिहून काढा. बँकेची आलेली पत्रे घेऊन एखाद्या सनदी लेखापालाकडे एकट्या जा, यजमानांच्या नेहमीच्या लेखापालाकडे नको.

यजमानांशी बोलताना विश्वासाचा विषय काढू नका, जबाबदारीचा काढा. "सही माझी आहे, तेव्हा हिशेब मला दिसला पाहिजे" हे वाक्य शांतपणे आणि पुन्हा पुन्हा म्हणता येते. ते तयार असतील तर रीतसर भागीदारी करा, करारपत्रात दोघांचे काम, दोघांचा हिस्सा आणि बँकेत दोघांची सही लिहा. ते कोणत्याच गोष्टीला तयार नसतील तर नाव काढून घेण्याचा विचार करा, पण त्याआधी आजवरच्या कर्जाचे काय होणार हे वकिलाकडून समजून घ्या, कारण नाव काढल्याने जुने देणे फिटत नाही.

प्रश्न : मी वाळूजला शीट मेटलचे पार्ट करते. काम वेळेवर देते, तक्रार नाही, पण मोठ्या गिऱ्हाइकांकडून पैसे १२०-१३० दिवसांनी येतात. खात्यात फोन केला तर "मॅडम, तुमच्या साहेबांना बोलायला सांगा" असे म्हणतात. साहेब कोणी नाहीत, मीच आहे. कायद्याचा उपयोग होतो का, की काम जाईल? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

दोन्ही प्रश्नांचे उत्तर हो असे आहे: उपयोग होतो, आणि काम जाण्याचा धोकाही असतो. म्हणून पायऱ्या समजून घ्या.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. त्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. ऑर्डरवर '९० दिवस' छापलेले असले तरी ४५ ची मर्यादा सुटत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. या सगळ्याला माल देण्याच्या आधीची उद्यम नोंदणी असणे सुरक्षित. नोंदणी नंतर केली की वाद तिथेच अडकतो. तुमची नोंदणी असेलच, पण तो क्रमांक तुमच्या प्रत्येक बिलावर आणि चलनावर छापलेला आहे का? नसेल तर या आठवड्यात शिक्का करून घ्या.

तक्रारीच्या आधी वापरण्यासारखे एक हत्यार आता आहे. आयकर कायद्यात २०२३ साली झालेली आणि ४३बी(एच) या नावाने उद्योजकांत ओळखली जाणारी दुरुस्ती अशी, की सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचे व सेवा देणाऱ्यांचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीत धरता येत नाही. म्हणजे वर्षअखेरीस त्याचाच कर वाढतो. नुसता व्यापार करणाऱ्यांना हे लागू नाही, पण तुम्ही उत्पादक आहात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हिशेब खात्याला, खरेदी खात्याला नव्हे, उद्यम प्रमाणपत्राची प्रत आणि थकलेल्या बिलांची तारीखवार यादी जोडून एक नम्र पत्र पाठवा. मला हे पत्र पाठवायला लागल्यापासून मार्चमध्ये येणाऱ्या पैशात स्पष्ट फरक दिसला. खरेदी खात्यातल्या माणसाला तुमची निकड नसते; कंपनीचा कर वाढला तर हिशेब खात्याच्या प्रमुखाला जाब द्यावा लागतो.

गिऱ्हाईक खरोखर मोठे असेल, म्हणजे उलाढाल २५० कोटींहून जास्त असेल, तर त्याने ट्रेड्स या बिलवटवणुकीच्या व्यवस्थेत नोंदणी करणे ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक आहे. तिथे खरेदीदाराने बिल मान्य केले की बँक तुम्हाला पैसे लगेच देते आणि ती वसुली खरेदीदाराकडून करते. त्यांनी नोंदणी केली आहे एवढ्याने भागत नाही, बिल मान्य करावे लागते. तेव्हा "आमची बिले ट्रेड्सवर घ्याल का" असे लेखी विचारा.

शेवटचा उपाय लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडे तक्रारीचा. अर्ज ऑनलाइन करता येतो. कायद्यात ९० दिवसांत निकाल लिहिलेला आहे, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो हे मनाशी धरून चला. निकाल तुमच्या बाजूने लागला आणि गिऱ्हाइकाला न्यायालयात आव्हान द्यायचे असेल तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात, त्यामुळे पुष्कळ प्रकरणे तडजोडीत मिटतात. मी आजवर एकदाच त्या टोकाला गेले. पैसे मिळाले, ते गिऱ्हाईक गेले. त्याआधी दीड वर्ष दुसरी दोन गिऱ्हाइके जोडली होती म्हणून मी ते करू शकले. तेव्हा तुमच्या विक्रीचा निम्म्याहून जास्त भाग एकाच कंपनीकडून येत असेल तर अर्जाआधी ती सवय मोडा.

आणि "साहेबांना सांगा" याविषयी. फोनवर उत्तर देण्याऐवजी पुढच्या प्रत्येक ईमेलच्या आणि बिलाच्या खाली तुमचे नाव, त्यापुढे 'मालक' आणि तुमचाच नंबर लिहा. माझ्या टेम्पोच्या धंद्यात चालकाच्या शेजारी बसून मी स्वतः पहिल्या वर्षी माल उतरवून घ्यायला जायचे. गेटवरचा माणूस आत फोन करून "बाई आल्यात" म्हणायचा; वर्षाअखेर तोच "मालक आल्यात" म्हणू लागला. याला वेळ लागतो, आणि तो वेळ लागतो याचा तुम्हाला राग येणे अगदी रास्त आहे.

प्रश्न : माझी मुलगी आयटीआय झाली आहे, शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दोन वर्षे काम केले आहे. तिला कराडजवळ स्वतःचे दुचाकीचे गॅरेज काढायचे आहे. लोक हसतात, लग्नाचे काय म्हणतात. आई म्हणून मी तिला पाठिंबा द्यावा का? (एक आई, जि. सातारा)

द्या. परभणीहून पुण्याला आलेल्या शीला डावरे यांनी १९८८ साली रिक्षा चालवायला घेतली, तेव्हाही लोकांनी हेच म्हटले असणार. तुमच्या मुलीची वेळ त्या मानाने अनुकूल आहे. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्या बीएस-६ या प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या आहेत. कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले, आणि बिघाड शोधायला कानाबरोबर स्कॅनर लागू लागला. जुन्या अनेक गॅरेजवाल्यांना हे काम अजून जड जाते, आणि तुमची मुलगी नेमके तेच शोरूममध्ये शिकून आली आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजपेक्षा स्वस्तात ऑइल बदलण्याच्या नादी तिने लागू नये. त्यांच्याकडून परत आलेली गाडी दुरुस्त करून दाखवावी.

पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. स्त्रियांना स्वतःचे ५ टक्केच घालावे लागतात, आणि अनुदान शहरी भागात २५ व ग्रामीण भागात ३५ टक्के आहे. मात्र हे अनुदान हातात रोख येत नाही, तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि मग कर्जातून वजा होते, त्यामुळे त्या पैशांवर पहिल्या वर्षाचे गणित मांडू नका. कर्ज आणि जागेचा करार मुलीच्याच नावाने असू द्या. सासर कुठलेही मिळाले तरी गॅरेज तिचे राहील याची लेखी सोय आजच होते, नंतर अवघड जाते.

प्रश्न : माझी इचलकरंजीत यंत्रशाळा आहे, १४ कामगार, सगळे पुरुष. इन्स्पेक्शनला दोन मुली घ्याव्यात असा विचार आहे. कायद्याने काय लागते? (एक उद्योजक, इचलकरंजी)

तुमचा प्रश्न मला आवडला, कारण तो मुली येण्याच्या आधी विचारला आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमावी लागते, तिच्या अध्यक्षपदी स्त्री असावी लागते आणि एक सदस्य बाहेरचा लागतो. तुम्ही चौदावर आहात, म्हणजे ती आताच लागते. रात्रपाळीत घ्यायचे झाले तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची सोय हे सगळे पाहावे लागते. सुरुवातीला दिवसपाळीच ठेवा.

कायद्यापेक्षा मी तुम्हाला संडासाविषयी सांगेन. माझ्या स्वतःच्या शेडमध्ये पहिली तीन वर्षे स्त्रियांसाठी वेगळा संडास नव्हता. मालक मी असूनही नव्हता, कारण पैसे मशीनला लागत होते आणि मला वाटायचे की माझे चालते आहे. मी सकाळपासून पाणी पीत नसे, आणि त्याचे दुखणे पुढे वर्षभर काढले. त्याच काळात मोजमापाला घेतलेली एक हुशार मुलगी आठ दिवसांत काम सोडून गेली. तिने सांगितलेले कारण घरचे होते. खरे कारण तिच्या मावशीकडून मला फार उशिरा कळले, आणि त्याची रुखरुख अजून आहे.

तेव्हा मुली रुजू होण्याआधी वेगळा संडास बांधा. तो पुरुषांच्या मुतारीच्या वाटेवर नको. दार आतून नीट बंद होते का, आत दिवा लागतो का, पाणी दुपारी तीन वाजताही येते का, आणि झाकणाची बादली ठेवली आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. त्याला कुलूप लावून किल्ली तुमच्या टेबलावर ठेवू नका, कारण प्रत्येक वेळी तुमच्यासमोर येऊन ती मागावी लागली तर त्या मुली मागणार नाहीत. दिवसभर पाणी न पिता काम करतील.